डबल ट्रॉली घेण्याआधी एक हंगाम स्टिअरिंगवर बसा



पाऊस सुरू झाला, कारखान्यांच्या शेतकी ऑफिसात वाहतुकीचे करार भरायला लागले, की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "सर, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतो आणि उसाला लावतो. धंदा कसाय?" विचारणारा बहुतेक वेळा पंचवीस-तिशीतला असतो. घरची दोन-तीन एकर शेती, डोक्यात डाउन पेमेंटचा आकडा, आणि ज्या गाडीवर लाखोंचं कर्ज काढायचं ती स्वतः एकदाही कारखान्यापर्यंत नेलेली नसते.

माझं ट्रॅक्टर स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. बीबीए केलं, दुकान टाकलं, मग ट्रेनिंग द्यायला लागलो. त्यामुळे या धंद्याची कमाई आणि या धंद्याचं नुकसान, दोन्ही माझ्या काउंटरवरून जातं. व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून इथं सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: मालक व्हायच्या आधी एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या डबल ट्रॉलीवर ड्रायव्हर म्हणून काम करा. का, ते आता आकड्यांसकट बघू.

ही गाडी इथंच का चालते?

परदेशात एका ट्रकमागं दोन-तीन ट्रेलर जोडलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ऑस्ट्रेलियात त्याला रोड ट्रेन म्हणतात, आणि तिथं ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या गाड्या चालतात. आपल्या सातारा-सांगलीची रोड ट्रेन म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं उसाच्या दोन ट्रॉल्या.

कृष्णाकाठचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. भुईंजचा किसन वीर, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, कराडजवळ यशवंतनगरचा सह्याद्री, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, सांगलीचा वसंतदादा. एवढ्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की ऊस तुटल्यावर लवकरात लवकर गव्हाणीत पडावा लागतो, कारण उशीर झाला की वजन घटतं आणि उताराही घटतो. काळ्या रानात, अरुंद पाणंदीत मोठा ट्रक जात नाही. ट्रॅक्टर जातो. तो एक-एक ट्रॉली फडातून बाहेर काढतो, डांबरीवर दोन्ही जोडतो आणि निघतो. हाच या गाडीचा फायदा आहे.

फरक एवढाच, की ऑस्ट्रेलियात अशा गाडीला मल्टी कॉम्बिनेशन नावाचा वेगळा परवाना लागतो, आणि तो मिळायच्या आधी खालच्या वर्गाची जड गाडी चालवायचा परवाना किमान वर्षभर हातात असावा लागतो. आपल्याकडे दुसरी ट्रॉली जोडताना कुणी वेगळी परीक्षा घेत नाही. म्हणून ही परीक्षा तुम्ही स्वतःच स्वतःची घ्यायची आहे.

पहिला हिशेब: टन नाही, खेप मोजा

नवीन माणूस विचारतो, "एका खेपेला किती टन बसतो?" जुना वाहतूकदार विचारतो, "हंगामात खेपा किती होतील?" या दोन प्रश्नांत नफा-तोट्याचा फरक आहे. कागद-पेन घ्या. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या कारखान्याचे खरे दर त्या जागी टाका.

- शेत ते कारखाना अंतर: २० किलोमीटर
- दोन ट्रॉल्यांत मिळून ऊस: १६ टन
- वाहतूक दर: टनाला ३०० रुपये, म्हणजे एका खेपेचे ४,८०० रुपये
- डिझेल: जाऊन-येऊन १८ लिटर, लिटरला ९० रुपये, म्हणजे १,६२० रुपये
- ड्रायव्हरचा भत्ता: खेपेला १५० रुपये

एका खेपेमागं हातात राहिले ३,०३० रुपये. ऐकायला छान वाटतं. आता खेप होवो न होवो, लागणारा खर्च बघा.

- ड्रायव्हरचा पगार: महिना १८,००० रुपये, पाच महिने, म्हणजे ९०,००० रुपये
- टायर, ग्रीस-ऑइल, वेल्डिंग, दुरुस्ती: ८०,००० रुपये
- विमा, पासिंग, कागदपत्रं: ३०,००० रुपये
- १२ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता महिना साधारण २६,००० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख १३ हजार

एकूण ५ लाख १३ हजार. याला ३,०३० ने भागा. उत्तर येतं साधारण १७० खेपा. म्हणजे पहिल्या १७० खेपा तुम्ही बँक, पंप आणि माझ्यासारख्या स्पेअर पार्ट्सवाल्यासाठी मारता. तुमची स्वतःची कमाई त्यानंतर सुरू होते. २०० खेपा झाल्या तर ९० हजारांच्या आसपास शिल्लक. १०० वरच हंगाम संपला तर हप्त्याला दोन लाखांवर रक्कम कमी पडते, आणि ती घरातल्या दागिन्यांतून किंवा जमिनीतून येते.

"मग मी स्वतःच चालवतो की!" बरोबर. मग पगाराचे ९० हजार वाचतात आणि १७० चा आकडा १४० वर येतो. पण तो पगार वहीत खर्च म्हणून लिहाच. तो धंद्याचा नफा नाही, तुमच्या रात्रपाळीची मजुरी आहे. दोन्ही एकात मिसळले की धंदा चाललाय की फक्त आपण राबतोय, हे कळत नाही.

खेपा कुठं जातात, हे फक्त ड्रायव्हरला कळतं

हंगाम १३० दिवसांचा धरला तर १७० खेपांसाठी रोज सव्वाच्या वर खेप हवी. वीस किलोमीटरला काय लागतं, असं वाटेल. पण एका खेपेचे पाच तुकडे असतात:

१. फड: टोळीनं मोळ्या बांधून ट्रॉली भरेपर्यंत थांबणं. टोळीतले दोन कोयते आजारी पडले की दिवस गेला.
२. बाहेर काढणं: रात्री पाटाचं पाणी शिरलं असेल तर ट्रॉली रुतते. मग दुसरा ट्रॅक्टर लावा.
३. रस्ता: सगळ्यात कमी वेळ इथं जातो.
४. यार्ड: नंबर लावून थांबणं. कारखान्यात बिघाड झाला की यार्डात गाड्यांची रांग वाढत जाते.
५. काटा आणि गव्हाण: भरलेलं वजन, खाली करणं, रिकामं वजन, पावती, आणि परत फड.

दुकानात बसून किंवा व्हिडिओ बघून हे तुकडे मोजता येत नाहीत. एक हंगाम सीटवर बसला की तुमच्या वहीत उतरतं, की कोणत्या गटात रस्ते चांगले, कोणत्या कारखान्याचं यार्ड लवकर हलतं, चिटबॉय कोणत्या पद्धतीनं काम करतो, कोणती टोळी सकाळी सहाला फडात असते. ही माहिती विकत मिळत नाही. इथं मात्र ती शिकताना वर पगार मिळतो.

जादा चार टनाचा मोह

सगळ्यात जास्त चर्चा यावरच होते. "सर, सगळेच भरतात." भरतात. हिशेब करू.

चार टन जादा म्हणजे आपल्या उदाहरणात १,२०० रुपये जादा. आता मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. चार टनाचे झाले २८,०००. म्हणजे तेवीस खेपांची जादा कमाई एका पावतीत गेली. शिवाय जादा वजन टायर, एक्सल, क्लच आणि हूक या चार ठिकाणी बसतं. जानेवारीत माझ्याकडून क्लच प्लेट नेणाऱ्याला मी फक्त दोन प्रश्न विचारतो: किती भरत होता, आणि गाडी किती दिवस उभी राहिली? दुसरं उत्तर जास्त महाग असतं. चार दिवस गाडी उभी म्हणजे पाच-सहा खेपा गेल्या.

म्हणून ट्रॉली घेताना आरसीवर किती वजन पास आहे ते आधी वाचा आणि धंद्याचा हिशेब तेवढ्यावरच मांडा. पास वजनात हिशेब बसत नसेल, तर तो धंदा जादा वजनातही बसत नाही. फक्त ते उशिरा कळतं.

चालवायची कला: पाच गोष्टी

एक ट्रॉली ओढणं आणि दोन ओढणं यात फरक आहे. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीच्या मागं चालते, तुमच्या मागं नाही. वेग वाढला की ती शेपटीसारखी हलायला लागते. जुन्या ड्रायव्हरांकडून मी जे ऐकलं आणि रिपेअरला आलेल्या गाड्यांत जे बघितलं, ते असं:

एक, चढ. वजन मागं खेचतं आणि ट्रॅक्टर पुढून उचलतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. चढाच्या आधीच खालचा गिअर टाका, मधे बदलायची वेळ आणू नका.

दोन, उतार. ज्या गिअरात चढ चढला असता, त्याच गिअरात उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा क्लच दाबून ठेवणं म्हणजे सगळं वजन ब्रेकवर सोडणं, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात.

तीन, ब्रेकची कडी. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक असतात, रानात वळायला. डांबरीवर यायच्या आधी दोन्ही पॅडल कडीनं जोडलेच पाहिजेत. एकच पॅडल दाबलं गेलं, की भरलेली गाडी एका बाजूला ओढते आणि ट्रॅक्टर उलटू शकतो.

चार, पिन. हूकची पिन आणि तिची लॉक क्लिप प्रत्येक खेपेला हातानं तपासा. खिळा वाकवून लावलेली पिन ही बचत नाही. चांगली पिन आणि सोबत सेफ्टी साखळी, दोन्ही मिळून एका खेपेच्या डिझेलपेक्षा फार महाग नाहीत.

पाच, मागचा दिवा. हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो. रात्री पुणे-बंगळूर महामार्गावर, पेठ नाक्याच्या किंवा कराड-तासगाव रस्त्यावर उसाची ट्रॉली मागून काळी दिसते. ऊस बाहेर आलेला, रिफ्लेक्टर त्याखाली झाकलेला, दिव्याची वायर तुटलेली. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. दरवर्षी हंगामात पोलीस आणि आरटीओ कारखान्यावर येऊन रिफ्लेक्टर लावतात, ते याचसाठी. तुम्ही त्यांची वाट बघू नका. मागच्या ट्रॉलीपर्यंत वायरिंग, दोन लाल दिवे, रिफ्लेक्टर टेप, आणि ऊस भरल्यावरही दिसेल असं लाल कापड. पंक्चर झालं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला, मागं त्रिकोण, चाकाला लाकडी ठोकळा. आणि दगड लावलाच असेल तर निघताना तो उचलून बाजूला टाका. तो दगड रात्री कुणाच्या तरी पुढच्या चाकाखाली येतो.

टेप मोठ्यानं लावून चालणाऱ्या ड्रायव्हरला मी कामावर घेऊ नका म्हणतो. मागून दिलेला हॉर्न त्याला ऐकू येत नाही, बाकी काही नाही.

कागदांचंही बघून घ्या. व्यावसायिक वाहतुकीचं वाहन चालवायला वय २० पूर्ण लागतं. ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी, विमा, पासिंग आणि तुमच्या परवान्याचा वर्ग हे चारही एकमेकांशी जुळतात का, ते साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा कराडच्या आरटीओत जाऊन विचारा. एजंटच्या तोंडी खात्रीवर राहू नका. अपघातानंतर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच कागद मागते.

खरी जोखीम: उचल

ट्रॅक्टर रस्त्यावर उलटतो तसा धंदा उचलीत उलटतो. हे माहीत नसेल तर नीट वाचा.

कारखाना तुमच्याशी तोडणी आणि वाहतूक असा करार करतो. टोळी तुम्ही आणायची. त्यासाठी जी रक्कम मिळते, ती बऱ्याचदा तुमच्या नावावर कर्ज म्हणून असते. ती तुम्ही मुकादमाला उचल म्हणून देता. बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना, तसंच आपल्या जतकडून टोळ्या येतात. मुकादम आला तर हंगाम सुरू. नाही आला, किंवा दोन ठिकाणी उचल घेऊन तिसरीकडे गेला, तर कर्ज तुमच्या नावावर राहतं आणि गाडी दारात उभी राहते. आपल्या भागात यात कित्येकांची जमीन गेली आहे.

काय करता येईल?

- पूर्ण उचल एकदम आणि रोख देऊ नका. टप्प्याटप्प्यानं, बँक खात्यातून.
- मागच्या हंगामात त्या टोळीनं ज्या वाहतूकदाराकडं काम केलं, त्याला स्वतः जाऊन भेटा. किती टन तुटला आणि हिशेब मिटला का, हे विचारा.
- मुकादमाच्या गावाला जा. टोळीतल्या प्रत्येक जोडीला भेटा. नाव, आधार आणि कुणाला किती दिले हे लेखी घ्या.
- पहिल्या वर्षी ओळखीची लहान टोळी घ्या, किंवा फक्त वाहतुकीचा करार मिळतो का बघा. मशीननं तोडणी होणाऱ्या गटात असं काम निघतं.

आणि दुसरी बाजूही समजून घ्या. उचल घेणारा माणूस पाच-सहा महिने कोपीत राहतो, बायको-पोरांसह पहाटे फडात असतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, तोही आंदोलन आणि वाटाघाटीनंतर. उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडवून ठेवणं, मुलांना किंवा सामानाला थांबवून घेणं हा गुन्हा आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे. पैसे वसूल करायचा मार्ग कागद आणि कोर्ट आहे. म्हणूनच कागद आधी करा.

'एन्ट्री' घेऊ नका, गिऱ्हाईक घ्या

ऊस न्यायचा तर शेतकऱ्याकडून ड्रायव्हरला एन्ट्री, टोळीला खुशाली. हे तुम्हाला माहीत आहे. पण विचार करा: तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतूनच वजा होतो. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये जाहीर झाली, ती १०.२५ टक्के उताऱ्याला, आणि त्यातून हा खर्च कापून उरलेलं त्याच्या खात्यावर येतं. म्हणजे तुमचं भाडं त्यानं आधीच दिलेलं आहे. वर एन्ट्री मागितली तर तो देतो, कारण ऊस वाळतोय. पण लक्षात ठेवतो.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. हंगाम संपल्यावर सात महिने ट्रॅक्टरला काम कोण देणार? नांगरट, रोटाव्हेटर, सरी, शेणखत. हाच शेतकरी. हंगामात शंभर शेतकऱ्यांच्या बांधावर तुम्ही फुकट पोचता. दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशी ओळख मिळते? ड्रायव्हरला चांगला भत्ता तुम्हीच द्या, एन्ट्री बंद ठेवा, पावतीमागं स्वतःचा नंबर लिहून द्या. आपल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा मे-जूनच्या नांगरटीतून निघतो, असं सांगणारे वाहतूकदार माझ्याकडं येतात, आणि त्यांच्यात एन्ट्री घेणारे मला फारसे दिसत नाहीत.

मग आता करायचं काय?

१. या हंगामात ओळखीच्या वाहतूकदाराकडं ड्रायव्हर म्हणून लागा. आधी एक ट्रॉली, मग दोन. रिकाम्या गाडीवर सुरुवात करा.
२. रोज वहीत सहा रकाने भरा: तारीख, खेपा, टन, डिझेल, फडात थांबलेले तास, यार्डात थांबलेले तास.
३. मार्चअखेर बेरीज करा. तुमच्या कारखान्याच्या दरानं वरचा १७० चा हिशेब पुन्हा मांडा.
४. एक ड्रायव्हर म्हणून तुम्ही त्या गाडीवर जेवढ्या खेपा मारल्या, त्या आकड्यापेक्षा ना-नफा-ना-तोट्याचा आकडा खाली असेल तरच बँकेत जा. वर असेल तर जुना ट्रॅक्टर, लहान कर्ज किंवा दुसरा धंदा बघा. ते अपयश नाही. तुम्ही पगार घेऊन बारा लाख वाचवले.
५. घरच्यांना हा हिशेब दाखवा. कर्जाला जामीन तेच राहणार आहेत.

पुढच्या व्हिडिओत आपण याच सहा रकान्यांची वही स्क्रीनवर भरून बघणार आहोत. तोपर्यंत तुमच्या गावातल्या एका तरी डबल ट्रॉलीवाल्याबरोबर एक खेप मारून या. फडातून गव्हाणीपर्यंत, आणि रात्रीची.